श्रीगोंदा ते सोलापूर, अब्बांसोबत

शनिवार : पुणे ते श्रीगोंदा, मुक्काम नगर

जानेवारी म्हणजे ऊस गाळपाचे दिवस. दौंड मागे टाकून भीमेचा पूल ओलांडला की रस्ता ट्रॅक्टरांचा होतो. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, वर उसाच्या मोळ्या, मागे धड दिवाही नाही. मी गाडी सावकाश चालवत होते आणि अब्बा शेजारी बसून, पाटी दिसायच्या आधीच, पुढचं गाव कोणतं ते सांगत होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. मराठीत लिहिणारे मुसलमान संत शेख महंमद यांच्या गावी मला एकदा न्यायचं, हे त्यांच्या मनात फार वर्षांपासून होतं. मलाही त्यांच्याशी निवांत बोलायचं होतं.

मी मराठीत लिहिते. मुसलमान बाई म्हणून रोज जे जगते ते लिहिते. ऑफिसात रोजा असताना पाच वाजता लागणारी मीटिंग, भाड्याचं घर शोधताना आडनाव सांगितल्यावर फोनवर पसरणारी शांतता, पहाटेच्या नमाजाला, फजरला, उठवत नाही ते दिवस, आणि ज्या दिवशी सज्द्यात कपाळ टेकल्यावर उठावंसंच वाटत नाही तेही दिवस. संपादक मंडळींना माझ्याकडून दोनच विषय हवे असतात, ईद आणि तलाक. 22 ऑगस्ट 2017 ला एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला, 2019 मध्ये कायदा झाला, तेव्हापासून तर दुसरा विषय जास्तच. त्यावर लिहू नये असं नाही, मी लिहिलंही आहे. पण माझ्या धर्माचं माझ्या आयुष्यात जे काम आहे त्याचा फार मोठा भाग या दोन विषयांच्या बाहेर पडतो. तो लिहायला बसलं की हात अडखळतो. कुणासाठी लिहितेय? शाबासकी देणाऱ्यांसाठी, की ‘घरातलं बाहेर कशाला सांगतेस’ म्हणणाऱ्या आपल्याच लोकांसाठी?

श्रीगोंद्याचं जुनं नाव चांभारगोंदे. शिवाजी महाराजांचे आजोबा मालोजीराजे शेख महंमदांना मानत, त्यांनीच त्यांना इथे आणून वसवलं असं सांगतात. गुरू चांदबोधले, कादरी परंपरेतले सूफी. ‘योगसंग्राम’ हा त्यांचा मोठा ग्रंथ 1645 मध्ये पुरा झाला. म्हणजे देहूत तुकोबा अभंग रचत होते त्याच काळात इथे एक मुसलमान मराठी ओवीत माणसाच्या आत चाललेल्या लढाईबद्दल लिहीत होता. अब्बांना त्यातलं पुष्कळ पाठ आहे. समाधीसमोर उभं राहून त्यांनी एकच ओळ म्हटली, ‘शेख महंमद अविंध, त्याचे हृदयीं गोविंद’. अविंध म्हणजे कान न टोचलेला, मुसलमान.

ही ओळ मला लहानपणापासून पाठ आहे आणि लहानपणापासून ती मला थोडी टोचतही आली आहे. शाळेत ती एकोप्याच्या भाषणात वापरली जायची, आणि भाषण संपल्यावर माझ्याकडे असं बघितलं जायचं, जणू मीही असंच काहीतरी म्हणून दाखवायला हवं. माझ्या हृदयात गोविंद नाही. तिथे अल्लाह आहे, एक आणि अद्वितीय, आणि त्यात मला काही कमी-जास्त करायचं नाही. हे मी अब्बांना तिथेच, चपला घालता घालता सांगितलं. ते म्हणाले, “तुला कुणी म्हणायला सांगितलंय? तो स्वतःच्या हृदयाचं बोलतोय. तू तुझ्या हृदयाचं बोल.” मग थोडं थांबून, “पण तो अविंध आधी म्हणतो, ते बघ. लपवत नाही.”

या जागेला मंदिर म्हणायचं की दर्गा, यावरून अलीकडे गावात वाद पेटला आहे. आम्ही गेलो तेव्हा माळकरी आजोबा बसले होते, बुरख्यातल्या दोघी जणी नारळ घेऊन आल्या होत्या, आणि वादाचा विषय कुणी काढला नाही. आम्हीही नाही.

दुपारची, जोहरची नमाज गावाबाहेर, एका शेताच्या बांधावर पढलो. पुण्यापासून श्रीगोंदा शंभरेक किलोमीटर, त्यामुळे आम्ही मुसाफिर ठरलो. प्रवाशाला जोहर, दुपारनंतरची असर आणि रात्रीची इशा यांचे चार फर्ज, म्हणजे नमाजाची सक्तीची आवर्तनं, दोनच पढायचे असतात. याला कस्र म्हणतात. सूर्यास्ताच्या मगरिबचे तीन आणि फजरचे दोन मात्र तसेच राहतात. मला इस्लाममधली ही गोष्ट फार आवडते. प्रवासातला माणूस थकलेला असतो, त्याची घाई असते, हे अल्लाहला ठाऊक आहे आणि त्याने ते हिशेबात धरलं आहे. घरात यावरून आमचे दोन पक्ष आहेत. हनफी आणि शाफई हे इस्लामी नियमांचे दोन मसलक, म्हणजे पंथ. अम्मी चिपळूणकडची, कोकणी, म्हणून शाफई. तिच्या मसलकात प्रवासात जोहर-असर एकत्र पढता येतात. अब्बा हनफी, ते प्रत्येक नमाज तिच्या वेळेलाच पढणार. मोबाइलच्या ॲपमध्येही असरची वेळ हनफी ठेवायची की शाफई, असा पर्याय असतो. माझ्या फोनवर अम्मीची वेळ आहे, त्यामुळे संध्याकाळी अजान माझ्या फोनवर आधी झाली आणि अब्बा ‘अभी टाइम है’ म्हणत खिडकीबाहेर बघत बसले.

रविवार : नगर, किल्ला

आजच्या दिवसावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण या प्रवासातून मला जे मिळालं ते बरंचसं इथे मिळालं.

नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवून आत जायचं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे, पण अब्बांच्या तोंडी नगरच आहे आणि माझ्याही. ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’चा ठराव झाला, दुसऱ्या दिवशी पहाटे काँग्रेसच्या कार्यकारिणीला मुंबईत पकडलं आणि इथे आणून ठेवलं. नेहरू, पटेल, पंत, आचार्य नरेंद्र देव, आणि तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष मौलाना आझाद. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे सगळ्यांना माहीत असतं. आझादांनी इथेच ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रं लिहिली, हे फार थोड्यांना माहीत असतं.

ही पत्रं हबीबुर्रहमान खान शेरवानी या त्यांच्या स्नेह्यांना उद्देशून आहेत, पण तेव्हा ती टपालात पडलीच नाहीत. तुरुंगातून पाठवायची सोय नव्हती. मौलाना लिहीत राहिले आणि ठेवून देत राहिले. 1946 मध्ये पुस्तक निघालं. अब्बा उर्दू लिपी सावकाश वाचतात. गेल्या पावसाळ्यात ते रोज रात्री थोडं वाचायचे आणि मी ऐकायची. काय आहे त्या पत्रांत? पहाटे उठून स्वतः करून प्यायलेला चहा, चिनी जातीचा, बिनदुधाचा, आणि दूध घालून चहा नासवणाऱ्यांवरचा राग. खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या, त्यांच्याशी आधी लढाई आणि मग दोस्ती. संगीत. एकांत. आणि श्रद्धा. मक्केत जन्मलेला, पीर आणि आलिम, म्हणजे धर्मपंडित, यांच्या घरात वाढलेला हा माणूस वयात येताना घरातून मिळालेल्या विश्वासावर शंका घेतो, पुष्कळ भटकतो, आणि मग जो विश्वास सापडतो तो स्वतःचा म्हणून धरतो. ‘आझाद’ हे नावच त्यांनी वारशाने आलेल्या समजुतींतून मोकळं झाल्याची खूण म्हणून घेतलं होतं. पुढे त्यांनीच कुरआनवर भाष्य लिहिलं. म्हणजे शंका घेतल्याने माणूस धर्माबाहेर पडतोच असं नाही, हे या देशातल्या एवढ्या मोठ्या आलिमाने स्वतःचं उदाहरण देऊन लिहून ठेवलं आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या मुलामुलींना हे कुणी सांगत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. शंका आली की त्यांना वाटतं आता आपण संपलो, आणि ती गप्प होतात.

जुलेखा बेगमबद्दलचं पत्र मी किल्ल्यात पुन्हा वाचायचं ठरवलं होतं. मौलानांची ही पत्नी कोलकात्यात आजारी होती. बातम्या उशिरा यायच्या. सरकारला काही सांगायचं असेल तर कळवतो, असं तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सुचवलं. मौलानांनी काहीही मागायला नकार दिला. एप्रिल 1943 मध्ये ती गेली. त्या पत्रात ते लिहितात की बाहेरून आपण रोजचं सगळं ठरल्या वेळी करत राहिलो, आणि आत काय होत होतं तेही लिहितात. ज्याच्याकडे देशातले लाखो मुसलमान आणि अख्खी काँग्रेस बघत होती, त्याने स्वतःचा हा कोपरा उघडा केला. अब्बांनी बाहेरच्या झाडाखाली ते पत्र मोठ्याने वाचलं. वाचताना एकदा थांबले. अम्मीच्या दवाखान्याचे गेल्या वर्षीचे दिवस त्यांच्या डोळ्यांपुढे आले असणार. मी विचारलं नाही.

मला या पत्रांबद्दल एक गोष्ट स्वच्छ दिसली. त्यांत मौलाना कुणाला उत्तर देत नाहीत. बाहेर फाळणीची मागणी चाललेली, मुस्लिम लीगवाले त्यांना काँग्रेसच्या दारातला शोभेचा मुसलमान म्हणून हिणवत होते, दुसरीकडे मुसलमानांच्या निष्ठेवर शंका घेणारे होतेच. तरी पत्रांत बचाव नाही. चहाबद्दल लिहिताना हा माणूस चहाबद्दलच लिहितो. अल्लाहबद्दल लिहिताना त्याच्या खांद्यामागे कुणी परीक्षक उभा नसतो. मी गेली काही वर्षं जे लिहिते त्यातल्या कितीतरी वाक्यांच्या मागे असा परीक्षक उभा आहे. कधी तो ‘तुम्ही मुस्लिम वाटतच नाही’ असं कौतुकाने म्हणणारा शेजारी असतो, कधी ‘हिजाब नाही आणि दीनवर, धर्मावर लिहिते’ म्हणणारा आपल्यातलाच भाऊ.

दुपारी निघालो. अंधार पडता पडता संभाजीनगर.

सोमवार : दौलताबाद, खुलताबाद

दौलताबादचा किल्ला चढायला दमवतो. अब्बा चिनी महालापाशी थांबले, मी अंधारीतून, म्हणजे अंधाऱ्या बोगद्यातून, वर गेले. चांदबोधल्यांची समाधी किल्ल्याच्या परिसरात आहे आणि जनार्दनस्वामींचं स्थान वर. जनार्दनस्वामी इथले किल्लेदार, एकनाथांचे गुरू, आणि परंपरा सांगते की त्यांचेही गुरू चांदबोधलेच. एका सूफीकडून एक धागा शेख महंमदांकडे जातो आणि दुसरा नाथांकडे. नाथांच्या कथेत दत्त मलंगाच्या, म्हणजे फकिराच्या, वेषात येतो, तोही बहुधा याच हवेतला. वरून चांद मिनार दिसतो, पंधराव्या शतकातला, बहमनी काळात बांधलेला. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी इथे हलवली. दिल्लीहून इकडे आलेल्यांत सूफीही होते, आणि त्यांच्यामुळेच पुढचं गाव घडलं.

खुलताबादला रौजा म्हणत. निजामुद्दीन औलियांचे मुरीद, म्हणजे शिष्य, बुऱ्हानुद्दीन गरीब इथे 1337 मध्ये पडद्याआड गेले. त्यांच्यानंतर जैनुद्दीन शिराझी. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि निजामशाहीचा कर्ता-धर्ता झालेला मलिक अंबर इथेच आहे, 1626 पासून. आणि जैनुद्दीन साहेबांच्या आवारात, आभाळाखाली, मातीची एक साधी कबर, औरंगजेबाची.

बाहेर पोलीस होते. 2025 च्या मार्चमध्ये ही कबर हटवण्याच्या मागणीवरून नागपुरात दंगल झाली. त्या आठवड्यात ऑफिसात दोघांनी मला या बादशहाबद्दल माझं मत विचारलं. इतर कुणाला नाही, मला. 1707 मध्ये भिंगारला मेलेल्या बादशहाचा जबाब मी का द्यायचा? माझे पूर्वज सातारच्या बाजूला अत्तर विकत. त्याच्या दरबाराशी आमचा काडीचा संबंध नाही. त्याने केलेला जुलूम माझ्या नावावर नाही आणि त्याची साधी कबर हे माझं भूषणही नाही. आम्ही दोन मिनिटं थांबलो. मेलेल्या माणसासाठी वाचायचं ते वाचलं आणि बुऱ्हानुद्दीन साहेबांकडे गेलो. तिथे मात्र खूप वेळ बसलो.

परतीच्या वाटेवर, नाव घेत नाही अशा एका दर्ग्यात, मला आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी थांबवलं. बायकांना मनाई. मी मुजावरांना, म्हणजे दर्ग्याची देखरेख करणाऱ्यांना, नम्रपणे विचारलं, का? ‘पहिल्यापासून असंच आहे.’ पैगंबरांच्या मशिदीत बायका पुरुषांमागच्या रांगेत नमाज पढत. अल्लाहच्या बंदींना मशिदींपासून अडवू नका, ही सही हदीस, पैगंबरांचं खात्रीचं वचन, आहे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या आतल्या भागात जाण्याचा बायकांचा हक्क मान्य केला. 2019 मध्ये पुण्यातल्याच एका जोडप्याने मशिदीतल्या प्रवेशासाठी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही पुढच्या वर्षी सांगितलं की बाईला मशिदीत यायला दीनची मनाई नाही. तरी त्या उंबऱ्यावर मला अडवलं गेलं. दर्ग्याची गोष्ट वेगळी, मशिदीची वेगळी, हे मला कळतं. पण अडवणारा हात तोच असतो.

मी उंबऱ्यावरूनच फातिहा पढले. अब्बा आत न जाता माझ्या शेजारी उभे राहून पढले, आणि नंतर मुजावरांना म्हणाले, “माझी मुलगी आत येत नाही तर मी तरी कशाला येऊ?” मुजावर त्यांच्याच वयाचे. काही बोलले नाहीत. ही गोष्ट लिहू का, असं मी गाडीत विचारलं. लिहिली तर एका बाजूचे लोक टाळ्या वाजवतील आणि ती आमच्याविरुद्ध वापरतील. अब्बा म्हणाले, “लिख. पण नीट लिख. हदीसही लिख.”

मंगळवार : बीडमार्गे सोलापूर

सकाळी पाणचक्की, बाबा शाह मुसाफिरांचा दर्गा. डोंगरातलं पाणी खापरी नळांतून आणून, उंचावरून पाडून, जातं फिरवायचं आणि फकिरांसाठी दळायचं, अशी ती व्यवस्था. मग दिवसभर रस्ता.

बीड जिल्ह्यात अनेक वाड्या-तांडे निम्मे रिकामे दिसतात. माणसं ऊस तोडायला गेलेली, बहुधा त्याच श्रीगोंद्याकडच्या फडांवर.

गाडीत समाजसुधारक हमीद दलवाईंचा विषय निघाला, निघायलाच हवा होता. ते अम्मीच्या माहेराजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 1977 मध्ये, पंचेचाळिशीही गाठायच्या आत, गेले. दफन न करता दहन करावं, ही त्यांची इच्छा होती. माझ्या आजोळी आजही त्यांचं नाव हळू आवाजात घेतात. मी त्यांच्या वाटेची नाही. श्रद्धा सोडल्याशिवाय मुसलमान आधुनिक होत नाही, असा जो सूर त्यांच्या वाटेवरच्या काहींच्या बोलण्यात येतो, तो मला पटत नाही. माझी नमाज आणि माझी नोकरी यांत मला कधी निवड करावी लागलेली नाही. पण त्या सात बायकांच्या पाठीशी उभं राहायला तेव्हा किती दाढ्या आल्या होत्या? हा प्रश्न मी अब्बांना विचारला. त्यांनी मान खाली घातली. दलवाईंशी मी मराठीतच भांडू शकते, आणि आपल्या माणसांबद्दल मराठीत स्पष्ट लिहिता येतं हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

बार्शीत चहाला थांबलो. हे शाहीर अमर शेखांचं गाव, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने मैदानं हलली. टपरीवरच्या पोराला नाव माहीत होतं, याचा अब्बांना फार आनंद झाला.

बुधवार : सोलापूर

1990 मध्ये पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन या शहरात भरलं. त्यामागे प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांचे मित्र. अब्बा तेव्हा तरुण शिक्षक, रजा टाकून एसटीने आले होते. भाषणांतलं त्यांना फारसं आठवत नाही. आठवतं ते हे की, मराठी मासिकात आलेली आपली कविता खिशात घेऊन फिरणारे बागवान, तांबोळी, मुलाणी, शिकलगार असे सगळे त्यांना एका जागी पहिल्यांदाच भेटले. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या गावात आपण एकटेच. बेन्नूर सरांनी पुढे हेच आयुष्यभर मांडलं, की मुसलमान हा एकसाची समाज नाही, त्यात जाती आहेत, धंदे आहेत, भाषा आहेत. 2018 मध्ये ते गेले.

अब्बांच्या तेव्हापासूनच्या मित्राकडे दुपारी जेवायला गेलो. त्यांची नात फार्मसीला आहे, बुरखा घेते, आणि मराठीत कविता लिहिते, सगळ्या मोबाइलमध्ये. जेवणानंतर तिने मला वेगळं गाठलं आणि एक दाखवली. प्रॅक्टिकलच्या दिवशी रोजा आहे, प्रयोगशाळेत स्पिरिटचा वास आहे, तहानेने जीभ टाळूला चिकटली आहे, आणि ही मुलगी मनात अल्लाहशी चक्क भांडते आहे, अगदी घरातल्या माणसाशी भांडावं तशी. त्यात कुणाला समजावणं नाही, कुणाची माफी नाही. मी तीनदा वाचली.

“तुम्ही खऱ्या नावाने लिहिता?” तिने विचारलं.

“हो.”

“शिव्या येतात?”

“दोन्हीकडून येतात.”

“मग?”

मी तिला खरं ते सांगितलं. रात्री वाचल्या तर झोप उडते, म्हणून मी त्या रात्री वाचत नाही. धमकी आली तर जपून ठेवते आणि अब्बांना दाखवते. एकदा पोलिसांतही दिली आहे. आणि एखादी अनोळखी बाई लिहिते की हे माझंच आहे, तेव्हा ते पत्र मी छापून ठेवते.

तिचे आजोबा मागे येऊन उभे होते. “अल्लाहशी भांडतात का?” ते म्हणाले. रागावून नाही, काळजीने. तिने सांगितलं, “दादा, मूसा अलैहिस्सलाम कोहे-तूरवर बोलत होतेच ना? मीही बोलतेय.” अब्बा हसले. आजोबा लगेच हसले नाहीत. त्यांनी फोन हातात घेऊन कविता पहिल्या ओळीपासून वाचली, एका ओळीतला ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला सांगितलं, आणि विचारलं, “कुठे पाठवणार?”

“अजून ठरवलं नाही,” ती म्हणाली. “पण नाव घालणार. फोटो नाही.”

मग माझ्याकडून तिने दोन संपादकांचे ईमेल पत्ते घेतले आणि तिथेच बसून टाइप करायला लागली.